पाताळतुंबडी उगवेपर्यंत

नागपूरला माझ्या पुतण्याच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीत, एक निळी उथळ कुंडी आहे. तिच्यात मातीवर एक चपटा, खरबरीत कंद बसवलेला आहे, अर्धा आत आणि अर्धा बाहेर. त्याच्या माथ्यातून सुतळीएवढी वेल निघून खिडकीच्या गजांवर चढली आहे. पुतण्यानं कौतुकानं सांगितलं की ही रुईच्या कुळातली वेल, या कंदाला कॉडेक्स म्हणतात, हौशी लोक अशा वेली परदेशातूनसुद्धा मागवतात. मी म्हटलं, "मागवा बाबा." सूनबाईनं चहा टाकला होता. तो उकळायच्या आत मी चपला घालून जिना उतरलो. घरचे म्हणतात म्हाताऱ्याच्या पायाला भिंगरी आहे, एका जागी बूड टेकत नाही. असेलही. पण त्या दिवशी तो कंद असा उघड्यावर काढून ठेवलेला मला बघवला नाही, एवढंच कारण होतं.

मी कंपाऊंडर होतो. डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण जंगलपट्टीत मला सगळे डाक्टरच म्हणायचे आणि पहिलं वर्षभर दुरुस्ती करून करून मी थकलो. एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती वर्षं. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चांदा जिल्ह्यातच होता. चांदा आधी मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात. मी अहेरीच्या आसपास सायकल दामटत राहिलो आणि माझ्या डोक्यावरून राज्यं बदलत गेली. आमचा फिरता दवाखाना होता. फिरता म्हणजे मी फिरायचो. डॉक्टरांची जागा बहुतेक रिकामी असायची, आणि भरली की आलेले गृहस्थ पहिल्या पावसाळ्यात हिवतापानं अंथरूण धरायचे आणि बदलीचा अर्ज करायचे.

कंपाऊंडरचं काम बाहेरच्यांना फार सोपं वाटतं. मोठ्या बाटलीतलं लाल पाणी छोट्या बाटलीत ओतायचं. पण छोटी बाटली रोग्यानं घरून आणायची असे, आणि तिच्यात आधी रॉकेल होतं की मोहाची दारू, हे नाकानं ओळखणं हे आमचं पहिलं शिक्षण. मग कागदाची पट्टी घ्यायची, तिला कात्रीनं कंगोरे पाडायचे आणि ती बाटलीला चिकटवायची. एक कंगोरा म्हणजे एक डोस. चामोर्शीच्या बाजारात एकानं सगळी बाटली जागच्या जागी संपवली, वर म्हणाला की घरापर्यंत कोण वाहून नेईल. भामरागडकडच्या एका म्हाताऱ्याला गोड औषध चालायचंच नाही. गोड आहे ते औषध कसलं, असं त्याचं ठाम मत होतं. त्याच्यासाठी मी प्रत्येक मिक्श्चरमध्ये काडेचिराईत घालत असे आणि तो तोंड वाकडं करत समाधानानं घरी जाई. विहिरींत जंतू मारायची लाल दवा टाकणं, देवी टोचणं, पटकीच्या म्हणजे कॉलऱ्याच्या दिवसांत दंडात सुया खुपसणं, हेही माझ्याचकडे. मला घाई फार. रोगी आपलं दुखणं आजोबांच्या काळापासून सांगायला लागला की माझा पाय हलायला लागायचा.

अशा माणसाला एका वेलीनं महिना-दीड महिना ताटकळत ठेवलं, त्याची ही हकीकत.

गावाचं नाव सांगत नाही. प्राणहितेच्या काठचं ढिवरांचं गाव, नदीवर आणि तळ्यावर जगणारं, थोडी धानाची शेती करणारं. मागे मुरमाड टेकडी, तिच्यावर साग आणि बांबू. उन्हाळ्याच्या शेवटी नदी आटते, मासा खोल डोहात जातो, घरातलं धान संपत आलेलं असतं. त्या दिवसांत बायका कुदळ घेऊन टेकडीवर जातात कंद काढायला. त्यांतला एक कंद म्हणजे पाताळतुंबडी. कुंडीत बघितला तसाच, चपटा आणि गोल. पावसाळ्यात तिची वेल झुडपांवर चढते, जाडसर पानं जोडीजोडीनं येतात, आणि उभ्या कंदिलासारखं बोटाच्या पेराएवढं फूल येतं. त्या फुलात बारीक माशी शिरली की आतले केस तिला बाहेर येऊ देत नाहीत. फूल सुकू लागलं की केस ढिले पडतात आणि मग माशी सुटते. उन्हाळ्यात यातलं काहीच दिसत नाही. जमिनीवर राहतो एक वाळका धागा. तो धरून खाली खणत जायचं.

आणि खणण्याची तिथे एक रीत होती. ती मी दुसरीकडे कुठे इतकी कडक पाळलेली बघितली नाही. कंद निघाला की त्याचा माथा, जिथून वेल फुटते तेवढी चकती, कापून त्याच खड्ड्यात परत ठेवायची. त्याला डोकं म्हणत. डोकं पुरून, माती लोटून, टाचेनं दाबायचं आणि वर एक डहाळी खोचायची. त्या डहाळीला प्रत्येक घराची आपली खूण. कुणी साल सोलून ठेवी, कुणी गाठ मारी. खूण असलेल्या खड्ड्याला तो कंद पुन्हा भरेपर्यंत दुसऱ्यानं हात लावायचा नाही. डोकं न पुरता कंद आणला तर बायका त्या घरी पाणी पीत नसत.

सोमाजी हा तिथला एक वयस्क ढिवर. तब्येतीनं दणकट, बोलायला कमी. त्याची बायको तानाबाई, मुलगा मारोती, आणि नवी सून राजम्मा. राजम्मा सिरोंच्याकडची, घरी तेलुगू बोलणारी. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. सासऱ्याला ती तेलुगू रीतीनं मामा म्हणायची आणि गावातल्या बायका त्या हाकेला हसायच्या, कारण आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. मारोती उन्हाळाभर बांबूकटाईला जंगलात असायचा.

त्या साली मृगाच्या आधी मी गावात पोचलो तर सोमाजी खाटेवर पालथा. उलट्या आणि जुलाब, भाताच्या पेजेसारखे. डोळे खोल गेलेले, हातापायांत गोळे. मी मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं सुरू केलं, होती ती औषधं दिली आणि ठिय्या मारून बसलो. माझ्यासारख्याला बसणं म्हणजे शिक्षाच. पण माणूस टणक होता, तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडून बिडी मागितली.

तोवर गावात बोलणं सुरू झालं होतं. आजारी पडायच्या आदल्या दिवशी राजम्मानं टेकडीवरून एक कंद आणला होता. एकच मिळाला, म्हणून चिरून शिजवला आणि फक्त सासऱ्याला वाढला; अख्खा असताना तो दुसऱ्या कुणी बघितला नव्हता. आणि त्याच टेकडीवर, बांबूच्या बेटाशी, कळलावीही होती. कळलावी माहीत नाही असा माणूस त्या भागात नाही. जाळासारखं लाल-पिवळं फूल येतं, आणि कंद असा जहरी की त्याचा तुकडा गुरंसुद्धा पचवू शकत नाहीत. उन्हाळ्यात तिचाही राहतो तो वाळका धागाच.

गावचे पाटील मला वडाखाली घेऊन गेले. "डाक्टर, तुमी सांगा. हे पटकी होय का कंद लागला?"

मी म्हटलं, "दोन्हींत असंच होतं. लक्षणांवरून सांगता येत नाही."

"म्हणजे कंदही असू शकते."

"पटकीही असू शकते. खालच्या गावात दोन घरी लागण आहे."

"पण कंदही असू शकते," पाटील म्हणाले आणि उठले. मी खरं तेच सांगितलं होतं, आजही तेच सांगितलं असतं. पण अर्ध्या खऱ्याला पाय फुटतात ते असे. पुढे बऱ्याच वर्षांनी चांद्याच्या एका डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलं की कळलावीतून वाचलेल्या माणसाचे केस पंधरवड्यात मुठीनं गळतात. सोमाजीच्या डोक्यावरचं जंगल तर शेवटपर्यंत दाट होतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. हे आठवलं की अजूनही मी उठून अंगणात फेऱ्या मारतो.

सोमाजी बरा झाला, पण राजम्माच्या हातचं जेवेना. भांडण नाही, शिवी नाही. ती ताट आणायची, तो बघायचा आणि ताट तसंच राहायचं. मग तानाबाई वेगळी चूल पेटवून त्याला भात घालायची. पाणीसुद्धा तानाबाईच्याच हातचं. मी त्याला एकट्याला गाठून विचारलं, "सोमाजी, हे काय चाललंय? पोरीनं मुद्दाम केलं असं वाटतं का तुला?"

"नाई बाबू. मी तिले काई म्हणत नाई," तो म्हणाला. "पण हात पुढं होत नाई. मी का करू?"

यावर माझ्याकडे बाटली नव्हती. तिथल्या लोकांत घरातल्या सुनेच्या हातचं अन्न थांबलं की ती त्या घरात नावापुरतीच उरते. लगीनघरात तिला कुणी चुलीजवळ बोलावत नाही, जाळ्यातली मासळी तिच्याकडे वाटायला देत नाहीत. तिची बाजू घ्यायला सिरोंच्याहून कोण येणार होतं?

राजम्मानं एकच गोष्ट सांगितली. ती तिनं सगळ्यांसमोर, तानाबाईकडे बघत सांगितली. "मी डोकं पुरला. डहाळी लावला, जाळ्याचा दोरा बांधला. पाणी पडल तं ते उगवल. काय उगवल ते पाहा."

लोकांना ते पटलं. पाटील गेले, टेकडीवर डहाळी होती, तिला जाळ्याचा दोराही होता. त्यांनी भोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि सगळे घरी आले. आता पावसाची वाट बघायची.

मला हे सहन होईना. "अहो, उकरून बघा ना," मी म्हटलं. "चकती बाहेर काढली की कळेल. पाच मिनिटांचं काम."

तानाबाई माझ्याकडे मी देवळात थुंकलो असावा तशी बघत राहिली. "जमिनीले देल्लं, बाबू. आता ते कसं काढाव? अन् काढलं तं ते उगवनार नाई. मंग तिनं काय पुरलं होतं ते कोन सांगल?" तिचा आवाज जरा खाली आला. "तिले मीच शिकवलो. धागा कसा धराव, डोकं कसं कापाव, सारं मीच. तिचं चुकलं तं माहंच चुकलं न."

मी अहेरीला परतलो, पण मन तिथेच अडकलेलं. सायकलची चेन वारंवार उतरत होती, औषधांचं माप चुकत होतं. त्या साली पाऊस लांबला. आभाळ यायचं आणि जायचं. ज्या ज्या कामानं त्या बाजूला जाता येईल ते ते मी ओढून घेतलं. विहिरींत लाल दवा टाकायच्या निमित्तानं त्या गावाला मी इतक्यांदा गेलो की बायका म्हणायला लागल्या, आता विहिरीतले बेडूक लाल होतील.

एका फेरीत मी ठरवून सोमाजीच्या ओट्यावर बसलो आणि चार माणसं बघत असताना मोठ्यानं म्हणालो, "राजम्मा, तहान लागली. आंबील आण." तिनं लोटी आणली. मी ती तोंडाला लावली आणि तळापर्यंत संपवली, वर दुसरी मागितली. मला वाटलं, आता काय बोलाल? शेजारचा एकजण शांतपणे म्हणाला, "बाबूचं काय. त्याच्यापाशी साऱ्याची दवा हाय. त्याले काई होत नाई." माझी दोन लोट्या आंबील अशी फुकट गेली. मारोती तेव्हा बांबूकटाई संपवून घरी आला होता. तो ओट्याच्या कोपऱ्यात जाळं दुरुस्त करत बसलेला. सगळं ऐकूनही त्यानं मान वर केली नाही. दुपारी तानाबाईनं वेगळ्या चुलीवरचं सोमाजीला वाढलं, त्याच भांड्यातून मारोतीलाही वाढलं, आणि तो जेवला.

त्याच दिवशी मी एकटा टेकडीवर गेलो. भर दुपार होती, चिटपाखरू नव्हतं. काट्यांच्या आत ती डहाळी उभी. माझ्या खिशात मलम घोटायची लोखंडी पट्टी होती. मी उकिडवा बसलो, एक काटा बाजूला सारला आणि पट्टी बाहेर काढली. माती बोटभर सारायची, बघायची, परत लोटायची. कुणाला कळणार होतं?

"हात नको लावा, बाबू."

राजम्मा मागे उभी होती. डोक्यावर लाकडांचा भारा तसाच. मी चटकन पट्टी खिशात घातली.

"तुझ्यासाठीच बघत होतो," मी म्हटलं. "आज संपून जाईल."

"तुमी काढला तं लोक म्हनल, बाबूनं बदलला." ती दमल्यामुळे थांबून थांबून बोलत होती. "तुमी चांगला मानूस. पन मंग मले आयुष्यभर खोटा म्हनल. ते आपल्या मनानं उगवल तवाच खरं."

मी काटा जागेवर ठेवला. शेवटी मी तिला विचारलं, "तुला खात्री आहे ना, तुंबडीच होती?"

तिनं त्या डहाळीकडे बघितलं. मग म्हणाली, "होता. काढला तवा होता. आता सारे रोज इचारते, तं मीच रातभर इचारतो." मग ती भारा सावरून उतरून गेली. तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरलो. तोवर ती निर्दोष आहे असं धरून मी चाललो होतो. उगवलं आणि ती कळलावी निघाली तर, हा विचार मला पहिल्यांदा त्या टेकडीवर आला आणि मग अहेरीपर्यंत त्यानं पाठ सोडली नाही.

पाऊस लागला तो धो धो. प्राणहितेचं पाणी नाल्यात चढलं, गाव तुटलं, माझी सायकल ओसरीत उभी राहिली. मी नाल्यापलीकडून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो. कुणी म्हणायचं काही नाही उगवलं, कुणी म्हणायचं आम्ही बघितलं नाही. शेवटी पटकीच्या लशीची पेटी घेऊन जायचा हुकूम निघाला आणि मी तो वाचून व्हायच्या आत निघालो. नाल्याच्या काठावर मारोती डोंगा घेऊन उभा होता. मी विचारलं, "काय निघालं?"

"अंकुर आला," तो म्हणाला. "आज पाहून राह्यले सारे."

मी चिखलातून तसाच टेकडीवर गेलो. गाव जमलेलं होतं, बायका पुढे. राजम्मा मागे, एका सागाला टेकून. पाटलांनी कुंपण काढलं. डहाळीच्या बुंध्याशी एक बारीक तांबूस वेल बोटभर वर आली होती. कळलावीचा कोंब भाल्यासारखा येतो, तिचं पान लांब आणि टोकाला वळलेला आकडा. इथे पानं दोन होती, समोरासमोर, गोल आणि मांसल. तानाबाई गुडघ्यावर बसली. तिनं पानाला बोट लावलं नाही, नुसतं तोंड जवळ नेऊन बघितलं आणि म्हणाली, "तुंबडीच हाय." मग तिथेच बसून पदर तोंडाला लावून रडली.

लोक पांगले. मला राग आला तो याचा. कुणी राजम्माला एक शब्द बोललं नाही. पाटील म्हणाले, "चला, परहे लावाचे हायत," आणि सगळे धानाच्या रोपांकडे निघाले, जसं काही टेकडीवर कुणाची गाय बघायला आले होते.

सोमाजी मात्र घरी ओट्यावर पाय धुऊन बसला. आत वळून म्हणाला, "सूनबाई, भूक लागली. वाढ मले."

राजम्मानं भात टाकला, मासळीचं कालवण केलं; तोवर मी बांधावर जाऊन सगळ्यांना लस टोचून आलो. सोमाजी जेवला, अगदी बोटं चाटून. दोनदा भात मागितला. मारोतीही शेजारी येऊन बसला, त्यानंही मागून मागून खाल्लं. मला वाढलं, तानाबाईला जबरदस्तीनं बसवून वाढलं. कालवण फार सुरेख होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी कधी नव्हे तो जेवण झाल्यावर भिंतीला टेकून बसलो. आता सगळं मिटलं, असं मी मनाशी म्हणालोसुद्धा.

राजम्मानं सगळ्यांची ताटं घासली. चूल सारवली. मग आत गेली आणि बाहेर आली ती काखेत गाठोडं घेऊन. सोमाजीच्या पायाला हात लावून म्हणाली, "मामा, पोट भरला न? मी जातो."

"कुठी?"

"आईकडं."

"काऊन? आता काऊन?" सोमाजी उठून उभा राहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबू, तुमी सांगा न तिले. आता तं सारं खरं झालं."

मी उठून लशीची पेटी उचलली. तानाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं अडवलं नाही. आत जाऊन तिनं सुकवलेल्या मासळीची पुडी आणली आणि गाठोड्यात खोचली.

नाल्यावर मारोतीनंच डोंगा काढला, कारण त्या पाण्यात दुसरं कुणी घालायला तयार नव्हतं. आम्ही तिघं, मध्ये माझी लशीची रिकामी पेटी. पाणी गढूळ, ओढ जबर. मारोती वल्ह्यावर वाकून बळ लावत होता आणि सारखा तिच्याकडे बघत होता. ती समोरच्या काठाकडे बघत होती. पैलतीरी लागल्यावर ती आधी उतरली, गाठोडं डोक्यावर घेतलं, आणि मग त्याच्याकडे वळली.

"बाबू परका मानूस," ती म्हणाली. "तेनं साऱ्यासमोर आंबील पेला. तुमी एक डाव म्हनाचं होतं, मले वाढ म्हनून. ते उगवाच्या अगोदर."

मारोती डोंग्यात उभा होता. त्यानं वल्हं काठाच्या चिखलात रोवून डोंगा धरून ठेवला. तो बोलेपर्यंत ती चढण चढून गाडीवाटेला लागली होती, आणि तो ते तिच्या पाठीशी बोलला. "वाढ न मले," तो म्हणाला, नाल्याच्या आवाजात, ते फक्त मला ऐकू आलं.